साडेतीन मिनिटं

मोताळ्याच्या हायस्कुलात मी कवायतीचा मास्तर होतो, पण कवायत शिकवण्याचं प्रमाणपत्र माझ्याकडे नव्हतं. मॅट्रिक झालो होतो, कबड्डीत अंग चपळ होतं आणि आवाज खणखणीत होता. एवढ्यावर मला शिट्टी मिळाली होती. महाराष्ट्र राज्य नवीनच झालेलं. गावोगावी शाळा निघत होत्या आणि मास्तर पुरत नव्हते, म्हणून माझ्यासारख्यांचं निभावत होतं. हेडमास्तर मात्र जूनमध्ये एकदा आणि दिवाळीनंतर एकदा मला बोलावून सांगायचे, "ट्रेनिंग करून घ्या. आज ना उद्या ट्रेन्ड माणूस येईल आणि तुम्हाला बाजूला व्हावं लागेल."

म्हणून एका उन्हाळ्यात मी बुलडाण्याला निवडीसाठी गेलो. तिथं निवड झाली की परगावी वसतिगृहात राहून दहा महिन्यांचं शिक्षण आणि मग पक्की नोकरी. धावणं झालं, लांब उडी झाली, दोरावर चढणं झालं. सगळ्यात मी पुढेच होतो. शेवटी एक परीक्षा राहिली होती, तिची मी काहीच तयारी केली नव्हती, कारण ती परीक्षा वाटतच नव्हती. गुडघ्याएवढ्या उंचीची एक लाकडी पेटी. तिच्यावर एक पाय ठेवायचा, मग दुसरा, सरळ उभं राहायचं. मग एक पाय खाली, दुसरा खाली. ढोलावर ठोके पडत राहणार आणि त्या ठोक्यांवर असं चढत-उतरत राहायचं, मिनिटाला तीस वेळा, पाच मिनिटं. परीक्षक सुरुवातीला सांगत होते, "मधूनमधून पाय बदला. उजव्याने चढत असाल तर थोड्या वेळाने डाव्याने सुरू करा, म्हणजे एकाच पायावर भार येणार नाही." मी हसत उभा होतो. घराच्या पायऱ्या चढायच्या तर त्यात काय ऐकायचं, असं वाटलं होतं.

दुसऱ्या मिनिटाला मांड्या भरून आल्या. तिसऱ्या मिनिटाला ढोल माझ्या पुढे निघून गेला आणि मी त्याच्या मागून चढायला लागलो. साडेतीन मिनिटं झाली तेव्हा मी त्या पेटीवर बसलो होतो. परीक्षकांनी माझं मनगट धरून नाडी मोजली आणि शांतपणे म्हणाले, "पाणी प्या. दम कमी पडला. पुढच्या वर्षी तयारी करून या."

परतीच्या एसटीत राजूरचा घाट उतरेपर्यंत मी घरी काय सांगायचं ते ठरवून टाकलं होतं.

"वशिला लागते तथी," अंगणात चपला काढता काढता मी म्हणालो. "ज्याचा माणूस आत, त्याचं नाव यादीत."

माझी माय तूर निवडत होती. तिनं मान वर केली नाही. बायकोच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो तिनं मला न देता खालीच ठेवला.

"म्हणजे तुमचं सारं बराबर झालं, अन् तरी घेतलं नाही?"

"हाव."

तिनं तांब्या पुन्हा उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "असं कसं करते लोकं?" तिच्या आवाजातला राग माझ्यासाठी होता. मला तो बरा वाटला.

बायकोबद्दल थोडं सांगायला हवं. तीही मास्तरीण होती, मुलींच्या प्राथमिक शाळेत दुसरीचा वर्ग तिच्याकडे होता. माहेर देऊळघाटचं, घरी भाजीपाल्याची वाडी. लहानपणी ती आईबरोबर डोक्यावर मेथीची आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, टोपली घेऊन बुलडाण्याच्या बाजाराला पायी जायची आणि बाजार आटोपून पायीच परत यायची. लग्नात हे आमच्याकडे कुणी कौतुकानं सांगितलं नव्हतं. दिसायला बारीक, बोलायला कमी. ती शिकलेली होती, पगार आणत होती, याचा मला अभिमान होता. पण तो अभिमान, माझा पगार तिच्यापेक्षा जास्त होता आणि गावात मला 'सर' म्हणत होते, तिथवरच होता. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी थंडी सरता सरता मुलींच्या शाळेत कागद आला. मुलींना कवायत शिकवायला बायका हव्या होत्या, म्हणून शिक्षिकांसाठी त्याच शिक्षणाच्या काही जागा ठेवल्या होत्या. तिच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी तिला न विचारताच तिचं नाव लिहून टाकलं.

जेवताना तिनं तो विषय काढला. मला वाढून झालं होतं, ती भाकरीचा काठ मोडत बसली होती.

"मोठ्या बाईनं माहं नाव देल्लं. जाऊ काय मी निवडीले?"

मायनं माझ्याकडे पाहिलं. दहा महिने बाहेरगावी राहणारी सून, हे आमच्या आळीत कुणी ऐकलेलं नव्हतं. माय म्हणेल नाही, म्हणून मी वाट पाहिली. मायनं फक्त ताटातला घास मोडला.

"जा ना," मी म्हणालो. "मी तयारी करून देतो तुही."

बायको इतकी खूश झाली की तिच्या हातातला घास तसाच राहिला. मायनंही चकित होऊन माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्या मनाचा नवरा ठरलो होतो. मनात मात्र एकच गोष्ट होती. ती पेटी माझ्यानं झाली नाही तर हिच्यानं काय होणार? ती दोन मिनिटांत बसली की माझी साडेतीन मिनिटं माझ्याच डोळ्यांत मोठी होतील, एवढा माझा हिशेब होता.

आळीतल्या सुताराकडून मी बाभळीची पेटी करून घेतली. माप माझ्याच गुडघ्याचं दिलं. घरामागं तुराट्यांचं कूड होतं, त्याच्या आतल्या मोकळ्या जागेत ती ठेवली. ढोल नव्हता, म्हणून रॉकेलचा रिकामा डबा उपडा करून त्यावर काठीनं ठोके द्यायचे. लग्नातलं घड्याळ मी मनगटावरून काढून समोरच्या दगडावर ठेवायचो. पहाटे पाणी भरून झालं की सुरू करायचं, उन्हं अंगणात यायच्या आत संपवायचं.

पहिल्या दिवशी ती पाचवारीत आली आणि दुसऱ्याच चढीला पाय अडकला. मायनं ते स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. आत गेली, आपलं जुनं नऊवारी लुगडं आणलं आणि सुनेला स्वतः कासोटा घालून दिला, घट्ट, शेतात काम करणाऱ्या बाईसारखा.

"आता चढ," माय म्हणाली.

त्या दिवशी तिनं पावणेदोन मिनिटं केली. पेटीवरून उतरून भिंतीला टेकली, छाती धपापत होती. मी तिला सांगितलं, "पयल्या दिवशी लय झालं." मला खरंच बरं वाटत होतं. शाळेत त्या दिवशी मी मुलांवर ओरडलोसुद्धा नाही.

आठवडाभरात ती अडीच मिनिटांवर आली. दुसऱ्या आठवड्यात तीन. आता शेजारच्या बाया कुडावरून डोकावायच्या. "मास्तरीण पेटीवर नाचून राह्यली पाहा," असं म्हणत हसायच्या, पण पाहायला रोज यायच्या. तिच्या वर्गातल्या चार-पाच पोरी लवकर येऊन ओट्यावर बसायच्या आणि मोठ्यानं मोजायच्या. मी दोन वर्षं मोताळ्याच्या मैदानावर शिट्टी वाजवत होतो, माझी कवायत पाहायला कुणी असं लवकर उठून आलं नव्हतं.

तीन मिनिटांच्या पुढं ती गेली त्या दिवसापासून मी घड्याळाकडे जास्त पाहायला लागलो. एके दिवशी तीन मिनिटं पंचवीस सेकंदांना मी काठी खाली ठेवली.

"बस आज. जास्त झालं तं पाय धरतीन."

"मले अजून होत होतं."

"मले मालूम आहे ना किती करा लागते ते."

तिनं ऐकलं. दुसऱ्या दिवशीही मी तिथंच थांबवलं. तिसऱ्या दिवशीही. माझ्या आकड्याच्या अलीकडे पाच सेकंद. असं मी तब्बल आठ दिवस केलं आणि दर वेळी काळजीचा आवाज काढला.

त्यातच तिचा उजवा पाय दुखायला लागला. ती नेहमी उजव्यानंच चढायची. मांडी सुजली, शाळेत खुर्चीवरून उठताना ती टेबलाला धरायची. संध्याकाळी माय तेल कोमट करून तिची मांडी चोळायची.

"हा एकच पाय काऊन दुखते हो?" तिनं मला विचारलं. "डावा तं काहीच म्हणत नाही."

मी ओट्यावर पेपर वाचत होतो. परीक्षकांचं वाक्य माझ्या कानात स्पष्ट होतं. एका वाक्याचं काम होतं.

"सवय नाही अजून," मी म्हणालो. "होईन हळूहळू."

आणि पेपर वाचत राहिलो. काय वाचलं ते मला एक अक्षर आठवत नाही.

तिच्या शाळेमागच्या शेतात तेव्हा विहीर खणत होते. मजुरणी मातीची घमेली डोक्यावर घेऊन, कडेला खोदलेल्या पायऱ्यांवरून दिवसभर वर यायच्या. मधल्या सुट्टीत ही तिथं जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही गेली. मग तिनं एका म्हाताऱ्याशा मजुरणीला विचारलं, आणि काय उत्तर मिळालं ते तिनं घरी आल्या आल्या मला सांगितलं, हातातली पिशवीही खाली न ठेवता.

"ती म्हणे, बाई, एकाच पायानं चढलं तं संध्याकाळपर्यंत पाय राहीन काय? बदलत जा लागते. पाच-पन्नास पायऱ्या या पायानं, मंग त्या पायानं." ती हसत होती. "एवढी सोपी गोष्ट! माह्या कशी ध्यानात नाही आली?" मग माझ्याकडे पाहून थांबली. "तुमाले मालूम नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो.

"तुमाले सांगतलंच नसन त्यायनं," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात तोच वर्षापूर्वीचा राग आला. "मुद्दामच सांगतलं नसन. ज्यायले घ्याचं होतं त्यायले सांगतलं असन."

मी मान हलवली. माझं खोटं तिनं माझ्यापेक्षा चांगलं सांभाळून ठेवलं होतं.

चार दिवसांनी सूज उतरली आणि ती पुन्हा पेटीवर चढली. दोन मिनिटं उजव्यानं, मग एका ठोक्याला जागच्या जागी पाय मारून डाव्यानं. इतक्या सफाईनं की मोजणाऱ्या पोरींना कळलंही नाही. तीन मिनिटं वीस सेकंद झाले, माझा हात थांबायला लागला, तशी ती वरूनच म्हणाली, "थांबू नका आज."

साडेतीन झाले. पावणेचार झाले. माझ्या मनात राग इतका होता की मी ठोके जलद केले. ती जलद झाली. आणखी जलद केले, ती आणखी जलद झाली. डोळे समोरच्या भिंतीवर, तोंड मिटलेलं, नाकानं श्वास. कुडावरच्या बाया गप्प झाल्या होत्या. माझ्या मनगटात कळ आली आणि काठी हातातून सुटून डब्यावरून खाली गेली.

"काऊन थांबले?" ती धापा टाकत म्हणाली. "किती झालं?"

पोरी ओरडल्या, "बाई, पाच झाले! पाचच्या वर झाले!"

मी म्हणालो, "ठोके मागं-पुढं झाले. हे धरता येत नाही."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरं. उद्या धरू." तिला एवढंसंही वाईट वाटलं नाही. मला तेच सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं बरोबर ठोक्यांवर पाच मिनिटं पूर्ण केली. तिसऱ्या दिवशीही. गावात बातमी फिरली. पानठेल्यावर कुणीतरी मला म्हणालं, "सर, मास्तरीणबाई तुमच्या पुढं जाऊन राह्यल्या म्हणतात." मी हसून म्हणालो, "मीच शिकवतो ना बे तिले." लोक हसले. मी पान न खाता घरी आलो.

गुरुवारी आमचा आठवडी बाजार. ती बाजाराला गेली होती आणि घरी कुणी नाही असं समजून मी मागं गेलो, धोतर खोचलं आणि पेटीवर चढलो. ठोके तोंडानंच मोजत होतो. पाय बदलले, नाकानं श्वास घेतला, तिचं पाहून शिकलेलं सगळं केलं. तरी चौथं मिनिट लागलं आणि माझं अंग आटोपलं. पेटीवर बसलो. घड्याळ पाहिलं आणि डोकं हातात धरलं.

माय दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"गेल्या साली असाच बसला होतास काय रे?" तिनं विचारलं.

मी घड्याळ मनगटावर चढवायला लागलो.

"मले त्याच दिवशी वाटलं होतं. पायातल्या चपला काढताना तुहे पाय थरथरत होते." ती जवळ आली, पण मला हात लावला नाही. "तिले वाटते, तुह्यावर अन्याव झाला. म्हणून चढून राह्यली ती. मले म्हणे, आत्याबाई, मी निवडून आली की त्या साहेबाले विचारतोच, माह्या माणसाले काऊन घेतलं नाही. तिच्या जिवाले तेवढंच आहे."

मी वर पाहिलं. माय आत निघून गेली होती.

मला वाटलं होतं की हे ऐकून माझी असूया गळून पडेल. पडली नाही. उलट असूयेला एक नवं कारण मिळालं. बायको माझ्यापेक्षा जास्त दमाची होती आणि मनानंही माझ्यापेक्षा स्वच्छ होती. एकातही मला पुढं जायला जागा ठेवली नव्हती.

निवडीच्या दिवशी आम्ही पहिल्या एसटीनं बुलडाण्याला निघालो. घाट चढताना ती खिडकीतून पाहत होती आणि तिच्या मांडीवर पिशवीत मायचं धुतलेलं लुगडं होतं. मैदानाला लागून एक शाळा होती, तिच्या वऱ्हांड्यात बायकांना बसवलं होतं. पंधरा-वीस जणी असतील. त्यांची परीक्षा घ्यायला एक बाई होत्या. पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. मैदानातून त्या चालत गेल्या तेव्हा माझी बायको त्यांच्याकडे पाहतच राहिली. मी लग्न झाल्यापासून तिचा तसा चेहरा कधी पाहिला नव्हता. पुढं काही वर्षांनी ही अशीच चालेल, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं.

पेटीची परीक्षा शेवटची होती. धावण्यात ती मधोमध आली, उडीत मागं राहिली. म्हणजे सगळं आता पेटीवर होतं. ती कासोटा घालून वऱ्हांड्याच्या पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसली. तिच्या आधी दोघी होत्या.

"झालं की त्या साहेबाले भेटतो मी," ती म्हणाली. "तुमचे गेल्या सालचे कागद दाखवा म्हणतो."

मी तेव्हा तिला सांगितलं. वर्षभर कधीही सांगता आलं असतं. काल सांगता आलं असतं, परत जाताना एसटीत सांगता आलं असतं. मी ती वेळ निवडली. मला खरं बोलायचं होतं असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण खरं हेच की, ते ऐकून तिचे पाय पेटीवर थांबतील असं मला वाटत होतं.

"वशिला-बिशिला काही नव्हतं," मी म्हणालो. "माह्यानं झालं नाही. मी बसलो होतो."

ती माझ्याकडे पाहत राहिली.

"अन् पाय बदलाचं?"

"तेही सांगतलं होतं त्यायनं."

मैदानात ढोल वाजत होता. तिच्या आधीची बाई पेटीवर होती.

"किती मिनिटं झालं होतं तुमचं?" तिनं विचारलं.

"साडेतीन."

तिनं मान हलवली, जणू वर्गातल्या मुलीनं आकडा सांगितला आणि तिनं तो फळ्यावर लिहून घेतला. तिचं नाव पुकारलं. ती उठली, पदर कमरेला घट्ट खोचला आणि माझ्याकडे न पाहता गेली.

बायकांची पेटी चार बोटं बुटकी होती. ते मला तिथंच कळलं. म्हणजे घरी तिनं जे केलं ते पुरुषांच्या मापावर केलं होतं. पहिल्या दोन मिनिटांत मला वाटलं, ती थांबणार. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि ती घरच्यासारखी समोर नाही, जमिनीकडे पाहत होती. तिसऱ्या मिनिटाला एक ठोका चुकला. मी पायरीवरून उठून उभा राहिलो. मला काय हवं होतं ते त्या वेळी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. मग तिनं पाय बदलला, मान वर केली, आणि पुढची दोन मिनिटं ती इतक्या सहज चढत-उतरत राहिली की ढोल वाजवणारा माणूस हसायला लागला. पाच मिनिटं झाली. परीक्षकबाईंनी तिचं मनगट धरलं, घड्याळ पाहिलं, थोड्या वेळानं पुन्हा धरलं, आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

ती कुणा साहेबाला भेटली नाही.

परतीच्या एसटीत आम्ही एकाच बाकावर बसलो होतो. घाट उतरून झाला तेव्हा ती बोलली.

"मले पाय दुखते असं म्हटलं, तवा तुमी पेपर वाचून राह्यले होते."

"हाव."

"आत्याबाई तेल लावून राह्यल्या होत्या."

"हाव."

"आधी सांगतलं असतं तं दोघं मिळून केलं असतं आपून," ती म्हणाली. एवढंच. ती रडली नाही, भांडली नाही. मोताळा आलं तेव्हा पिशवी स्वतःच उचलून उतरली.

यादीत तिचं नाव आलं. जूनमध्ये ती गेली. त्या दहा महिन्यांत तिची पत्रं यायची ती मायच्या नावानं, आणि वाचून दाखवायचं काम माझं. पहिल्या पत्रात वसतिगृह, अंघोळीचं पाणी, भाजी अळणी असते, असं. मग लेझीम, लाठी, हाडांची नावं, दोनशे मुलींना एका शिट्टीवर उभं कसं करायचं ते. शेवटी नेहमी 'घरच्या सर्वांना नमस्कार'. त्या 'सर्वां'मध्ये मी होतो. मी मोठ्यानं वाचायचो आणि लेझमीचा भाग आला की आवाज उगाच कोरडा करायचो. मायच्या ते लक्षात यायचं.

दिवाळीत ती आली तेव्हा घरात पाऊल टाकतानाच तिची चाल बदललेली दिसली. आळीतल्या पोरी तिच्याभोवती जमल्या. मी बाहेर निघून गेलो आणि जेवणवेळेपर्यंत नळगंगेच्या काठी बसलो. परत आलो तर तिनं माझं ताट झाकून ठेवलं होतं. ताटाशी बसून ती म्हणाली, "जळून राह्यले काय हो?"

असं सरळ मला कुणी विचारलं नव्हतं.

"हाव," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि वरण वाढलं. त्यानंतर तिची पत्रं मायच्या आणि माझ्या, दोघांच्या नावानं यायला लागली.

ती शिकून आली आणि मुलींच्या शाळेची कवायत तिच्याकडे आली. माझ्या शाळेत ट्रेन्ड मास्तर आले, तरुण, उंच. हेडमास्तरांनी मला कार्यालयात कारकुनाची जागा दिली. मी ती घेतली आणि तीस वर्षं सांभाळली. कामात मी चांगला होतो, हे सांगायला हरकत नाही. पण माझ्या टेबलाजवळच्या खिडकीतून मुलींच्या शाळेची शिट्टी ऐकू यायची आणि पहिली काही वर्षं ती वाजली की माझी लेखणी थांबायची. लोक तिला 'बाई' म्हणून रस्त्यात थांबवायचे आणि मी दोन पावलं पुढं जाऊन उभा राहायचो. असूया एका दिवसात गेली नाही. कधी गेली तेही मला नक्की सांगता येणार नाही.

एक दिवस मात्र आठवतो. पंधरा ऑगस्टला आठवडा राहिला होता आणि तिला ताप आला. अंथरुणातून ती म्हणाली, "आजच्या दिवस तुमी घ्या ना पोरींची कवायत. फकत रांगा अन् हात वर-खाली."

मी गेलो. कितीतरी वर्षांनी मैदानावर उभा राहिलो आणि जुन्या आवाजात 'सावधान' म्हणालो. पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. मी हात वर घ्यायला सांगितले, त्या अर्ध्याच वर गेल्या. पुढच्या रांगेतली एक चुणचुणीत पोरगी हात वर करून म्हणाली, "सर, बाई असं नाही घेत. बाई आधी स्वतः करून दाखवतात. अन् तुम्ही लय लवकर-लवकर म्हणून राह्यले, आम्हाले श्वासच घेता येत नाही."

मागच्या रांगा हसायला लागल्या. मग तीच पोरगी पुढं आली आणि तिनं मला ठोका कसा द्यायचा ते दाखवलं. अर्धा तास ती पोरगी कवायत घेत होती आणि मी तिच्या बाजूला उभा राहून हात वर-खाली करत होतो.

घरी आलो तसा मी सरळ खाटेशी जाऊन बसलो आणि तिला सगळं सांगितलं. पोरगी काय म्हणाली, मी कसा उभा होतो, माझे हात सगळ्यांच्या मागून कसे वर जात होते, काही न गाळता. तापातही ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाण्याचा पेला तिच्या तोंडाशी धरला. मग मलाही हसू आवरेना, आणि आत माय विचारत राहिली, "काय झालं रे? मलेही सांगा ना."